कॉइल मोठी की लहान?

२००९ सालच्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या हॅमरविच गावाजवळच्या एका नांगरलेल्या शेतात टेरी हर्बर्ट नावाचा गृहस्थ आपला जुना मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होता. त्याला जे सापडलं ते आज 'स्टॅफर्डशर होर्ड' म्हणून ओळखलं जातं. सातव्या शतकातल्या अँग्लो-सॅक्सन योद्ध्यांच्या तलवारींच्या मुठींवरचे साज, गार्नेट जडवलेले चिमुकले तुकडे, सगळं मिळून सुमारे चार किलो सोनं. तज्ज्ञ समितीने त्याचं मोल ठरवलं ३२ लाख ८५ हजार पौंड. ही रक्कम शोधणारा आणि शेतमालक यांच्यात वाटली गेली. या ऐवजाबद्दल लिहिताना एक बाब बहुतेक जण सोडून देतात. तो खोल पुरलेला नव्हता. वर्षानुवर्षं नांगराने ढवळलेल्या वरच्या मातीतच तो विखुरलेला होता.

हे सांगायचं कारण असं की डिटेक्टर घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, 'किती खोल जातो हो हा?' मग दुकानदारही भिंतीवर टांगलेल्या सगळ्यात मोठ्या चकतीकडे बोट दाखवतो. चकती मोठी तेवढी खोली जास्त, हा हिशेब अर्धा खरा आहे, म्हणूनच तो भल्याभल्यांना महागात पडतो. दांड्याच्या टोकाची ती चकती, म्हणजेच सर्च कॉइल, हा यंत्राचा जमिनीशी संबंध येणारा एकमेव भाग. हाताशी असलेल्या डबीतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स कॉइलने आणून दिलेल्या संकेतावरच काम करतं. तो संकेतच गढूळ असेल तर महागडी डबी तो गाळून गाळून किती गाळणार? त्यामुळे माझ्या मते कॉइल निवडताना खोलीचा विचार तिसऱ्या क्रमांकावर यावा. आधी माती कशी आहे ते पाहावं, मग त्या मातीत कचरा किती आहे ते.

चकतीच्या प्लास्टिकच्या आत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. साधारणपणे गुंडाळ्या दोन, एक संकेत पाठवणारी आणि एक तो ऐकणारी. पाठवणाऱ्या गुंडाळीतून सतत दिशा बदलणारी विद्युतधारा सोडली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. छंद म्हणून वापरल्या जाणाऱ्या बहुतेक यंत्रांत हा बदल सेकंदाला काही हजार ते काही दहा हजार वेळा घडतो. हे क्षेत्र मातीतल्या नाण्यापर्यंत पोचलं की नाण्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या बारीक विद्युतधारा उठतात. त्यांचं स्वतःचं क्षणिक क्षेत्र तयार होतं आणि तेच वर परत येऊन ऐकणाऱ्या गुंडाळीत उमटतं.

अडचण अशी की पाठवणारी गुंडाळी अगदी शेजारीच असते आणि तिच्या जोरापुढे नाण्याचा संकेत नगण्य असतो. म्हणून दोन्ही गुंडाळ्या एकमेकींशी अशा बेताने बसवतात की खाली काहीच नसताना ऐकणाऱ्या गुंडाळीवरचा परिणाम जवळजवळ शून्य व्हावा. हा तोल केसभर सरकला तरी यंत्र विनाकारण वाजू लागतं. त्यासाठीच कारखान्यात गुंडाळ्या राळ ओतून जागच्या जागी घट्ट केलेल्या असतात. चकतीला तडा गेला किंवा आत पाणी शिरलं तर ती घरी उघडून नीट करता येईल अशी आशा ठेवू नये.

आता आकाराकडे वळू. समजा, १५ सेंटिमीटर व्यासाची म्हणजे साधारण सहा इंची एक गोल गुंडाळी आणि ३० सेंटिमीटर व्यासाची म्हणजे बारा इंची दुसरी आहे. दोघींत वेढे तेवढेच आणि धाराही तेवढीच. बरोबर मध्याखाली ५ सेंटिमीटरवर नाणं ठेवलं तर लहान गुंडाळीचं क्षेत्र त्याच्यावर मोठीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त जोराने पडतं. संकेत परत येतानाही तोच हिशेब पुन्हा लागतो, त्यामुळे लहान कॉइलला मिळणारा एकूण संकेत मोठीच्या सुमारे १.८ पट भरतो. तेच नाणं २५ सेंटिमीटरवर नेलं की पारडं पार उलटतं आणि मोठ्या गुंडाळीचा संकेत आठ पटींवर जातो. दोघींची बरोबरी होते साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. हे कागदावरचं, आदर्श गुंडाळ्यांचं गणित आहे. खऱ्या कॉइलमध्ये वेढे, तारेची जाडी, गुंडाळ्यांची मांडणी सगळंच वेगळं असतं, त्यामुळे आकडे हलतील, पण कल हाच राहतो. वरच्या थरातल्या बारीक वस्तूंसाठी लहान कॉइल अधिक तीक्ष्ण आणि खोलवरच्या मोठ्या वस्तूंसाठी मोठी अधिक समर्थ.

आठ पट ऐकून हुरळून जाण्याआधी आणखी एक हिशेब पाहावा. चकतीच्या व्यासापेक्षा बरंच खोल गेलं की संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टावा हिस्सा उरतो. त्यामुळे संकेत आठ पट वाढला तरी खोलीत त्यातून होणारी वाढ दीडपटसुद्धा भरत नाही. दुसरीकडे चकतीचा व्यास दुप्पट केला की तिच्या आवाक्यात येणारी माती आठ पट होते, आणि त्या मातीतले लोहकण, खिळे, बाटल्यांची बुचं हे सगळं त्याच हिशेबात वाढतं. जाहिरातींमध्ये पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

याच सहाव्या घाताचा दुसरा परिणाम रोजच्या वापरात दिसतो. बारा इंची कॉइल जमिनीपासून तीन सेंटिमीटर उंच धरून फिरवली तर २५ सेंटिमीटरवरच्या नाण्याचा संकेत चाळीस टक्क्यांनी पडतो. गवतावरून, ढेकळांवरून मोठी चकती फिरवताना ती उंच धरावीच लागते, आणि मग त्या मोठेपणातून मिळालेली बरीचशी खोली हवेतच जाते. नांगरटीच्या सऱ्यांमध्ये, कापलेल्या मक्याच्या खुंटांमध्ये लहान किंवा लंबगोल कॉइल जमिनीला जवळजवळ चिकटून जाते. इंग्लंडमधल्या शेतात फिरणारे जाणकार हंगाम पाहून कॉइल बदलतात, ते यासाठी. नुकतंच रोलर फिरवलेलं सपाट शेत असेल तर मोठी, खुंट उभे असतील तर लंबगोल.

कचऱ्याचा मुद्दा मात्र सगळ्यांत कमी बोलला जातो, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. जुनं गाव, यात्रेची जागा, पडका वाडा, अमेरिकेतलं एखादं शंभर वर्षांचं सार्वजनिक उद्यान, अशा ठिकाणी माणसं जमत होती म्हणूनच तिथे नाणी पडलेली असतात, आणि माणसं जमत होती म्हणूनच खिळेही. मोठ्या चकतीखाली एका वेळी एक नाणं आणि चार खिळे आले की यंत्राला पाचांचा मिळून एकच खिचडी संकेत मिळतो. लोखंडाचा आवाज दाबण्याची सोय चालू असेल तर लोखंडाबरोबर नाणंही दबून जातं. कित्येक शेतं 'आता इथे काही उरलं नाही' म्हणून लोकांनी सोडून दिली, आणि नंतर कुणीतरी पाच-सहा इंची कॉइल घेऊन संथपणे फिरल्यावर तिथूनच चांदीची नाणी निघाली. हा अनुभव या छंदातली माणसं वारंवार सांगतात. नाणी काही नव्याने आलेली नसतात. खिळ्यांच्या मधल्या फटीत शिरेल एवढं लहान क्षेत्र तिथे आधी कुणी नेलेलं नसतं, एवढंच.

जवळचं लोखंड यंत्राचा कसा घात करतं याचा एक जुना, मोठा दाखला वैद्यकातला आहे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली आणि ती कुठे आहे ते डॉक्टरांना कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन गुंडाळ्यांचा तोल साधणारं एक उपकरण तयार केलं. गोळी जवळ आली की तोल बिघडून टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज यावा, अशी रचना. आजच्या डिटेक्टरचं तत्त्व हेच. बेल यांनी रुग्णावर दोनदा प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरांची गोळी उजव्या बाजूला असल्याची खात्री होती, म्हणून बेल यांना तेवढीच बाजू तपासू दिली गेली. सप्टेंबरमध्ये गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली. उपकरण चांगलं होतं. ते चालवण्याची जागा आणि शोधण्याची बाजू, दोन्ही चुकलं.

आकारानंतर प्रश्न येतो तो आतल्या मांडणीचा. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला कॉन्सेंट्रिक. यात पाठवणारी गुंडाळी बाहेरच्या कडेला आणि ऐकणारी तिच्या आत, मध्यावर असते. हिचा प्रभाव जमिनीत शंकूसारखा उतरतो, वर रुंद आणि खाली निमुळता. नाणं नेमकं कुठे आहे ते हिच्यावर झटकन कळतं, कारण संकेताचा कळस बरोबर चकतीच्या मध्याखाली येतो. धातू कोणता असावा याचा अंदाजही साध्या मातीत बऱ्यापैकी नीट मिळतो. पण शंकू खाली निमुळता असल्यामुळे प्रत्येक झोक्यात खोलवरची जमीन फार थोडी तपासली जाते. दर झोका आधीच्या झोक्यावर चकतीच्या निम्म्या रुंदीइतका तरी चढायला हवा, नाहीतर मधले पट्टे राहून जातात. बरेच नवखे लोक लांब ढांगा टाकत चालतात आणि शेत 'तपासून झालं' म्हणून घरी येतात. प्रत्यक्षात खोल थराचा निम्मा भागही त्यांनी पाहिलेला नसतो.

दुसरा प्रकार डबल-डी. यात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या पाठीला पाठ लावून मध्ये थोड्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्या चढलेल्या अरुंद पट्ट्याखालीच यंत्र सर्वांत तीव्रतेने ऐकतं. हा पट्टा चकतीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत उभा जातो, त्यामुळे एका झोक्यात पुढे-मागे बरीच जमीन एकसारखी तपासली जाते. आणि पट्टा अरुंद असल्यामुळे मातीचा स्वतःचा गोंगाट कमी उचलला जातो. आज विकल्या जाणाऱ्या मधल्या आणि वरच्या किमतीच्या यंत्रांबरोबर बहुतेक वेळा हीच येते. गॅरेट कंपनीच्या स्वस्त 'एस २५०' बरोबर साडेसहा बाय नऊ इंची कॉन्सेंट्रिक मिळायची, तर त्याच कंपनीच्या वरच्या 'एटी प्रो' बरोबर साडेआठ बाय अकरा इंची डबल-डी.

डबल-डीने नेमकी जागा काढायला थोडा सराव लागतो. संकेत मिळाला की चकती आडवी हलवत, सावकाश मागे स्वतःकडे ओढत आणायची. पुढच्या टोकाखालून वस्तू निसटली की आवाज एकदम बंद पडतो. वस्तू त्या टोकाच्या अगदी पुढ्यात असते. मग नव्वद अंशांत वळून हेच पुन्हा करायचं आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे खुरपं टाकायचं. हे जमलं की खड्डा मुठीएवढा होतो. हिरवळीवर असाल तर मागे खुणाही राहत नाहीत, आणि माळी पुन्हा यायला मनाई करत नाही.

तिसरा प्रकार मोनो. हा पल्स इंडक्शन यंत्रांसाठी असतो. अशा यंत्रांत सतत लाट न सोडता धारेचे आखूड झटके दिले जातात आणि दोन झटक्यांच्या मधल्या शांततेत परतीचा संकेत ऐकला जातो. पाठवणं आणि ऐकणं एकाच वेळी होत नसल्यामुळे एकच गुंडाळी दोन्ही कामं करू शकते. मोनो कॉइल खोल जाते, पण वाईट मातीत बडबडही जास्त करते. तिथे याच यंत्रांसाठी डबल-डीही मिळते. ती थोडी खोली सोडते आणि त्या बदल्यात शांतता देते.

वाईट माती म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात गेल्यावर कळतं. तिथल्या सोन्याच्या पट्ट्यात तांबडी, लोहदगडांनी भरलेली जमीन आहे. मातीतले मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइटचे कण चुंबकीय क्षेत्राला स्वतःच प्रतिसाद देतात. त्यातले अतिसूक्ष्म कण तर झटका संपल्यावरही क्षणभर उशिराने प्रतिसाद देत राहतात, अगदी धातूसारखे. १९८० साली याच राज्यातल्या किंगोवर गावाजवळ गॅरेटच्या डिटेक्टरने 'हँड ऑफ फेथ' हा सुमारे २७ किलोंचा सोन्याचा गोळा सापडला. तो जमिनीखाली जेमतेम फूटभर होता. एवढा मोठा गोळा कोणत्याही कॉइलखाली वाजला असता. प्रश्न असतो तो तांदळाच्या दाण्याएवढ्या सोन्याचा. पुढे ॲडलेडच्या मायनलॅब कंपनीने १९९० च्या दशकात पल्स इंडक्शनची यंत्रं या जमिनीसाठी आणली, आणि तपासून सोडून दिलेल्या जागांतून पुन्हा सोनं निघू लागलं. तिथले अनुभवी लोक अजूनही दोन-तीन कॉइल बाळगतात. उघड्या, खोल मातीच्या माळावर मोठी मोनो. लोहदगडांनी भरलेल्या ओघळीत डबल-डी. खडक वर आलेल्या उथळ जागी लहान मोनो.

बारीक सोन्यासाठी लहान कॉइल आणि उच्च वारंवारता ही जोडी ठरलेली आहे. फिशरचं 'गोल्ड बग २' हे यंत्र ७१ किलोहर्ट्झवर चालतं आणि त्याच्यासोबतची साडेसहा इंची लंबगोल कॉइल टाचणीच्या डोक्याएवढा सोन्याचा कणही ऐकते. मात्र तो अगदी वरच हवा. मायनलॅबच्या 'गोल्ड मॉन्स्टर १०००' बरोबर पाच इंची गोल आणि दहा बाय सहा इंची लंबगोल अशा दोन कॉइल एकाच खोक्यात येतात. बनवणाऱ्यांनाच एका कॉइलने भागत नाही हे कबूल आहे, असं मी यातून समजतो.

आपल्याकडची जमीन या हिशेबात कुठे बसते? महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून आलेल्या या काळ्या पाषाणात टायटेनियमयुक्त मॅग्नेटाइट भरपूर असतं, आणि त्याची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीतही ते उतरतं. ओढ्याच्या वाळूतून साधं लोहचुंबक फिरवून पाहा, काळे कण मिशांसारखे चिकटून वर येतील. कोकणात जांभा दगड, म्हणजे पुन्हा लोहच. त्यामुळे अमेरिकेतल्या सौम्य मातीत घेतलेल्या चाचण्यांतली खोली आपल्या जमिनीत मिळेल असं धरून चालू नये. सर्वेक्षण, बांधकाम किंवा जुने पाइप आणि गाडलेली झाकणं शोधण्यासाठी इथे डिटेक्टर वापरायचा असेल तर मध्यम आकाराची डबल-डी बरी, आणि कॉन्सेंट्रिक सोडून द्यावी.

समुद्रकिनारा हे वेगळं प्रकरण आहे. ओली खारी वाळू वीज वाहते, म्हणून यंत्राला ती स्वतःच एक मोठी धातूची वस्तू भासते. चकती जेवढी मोठी तेवढं खारं पाणी जास्त तिच्या कवेत येतं. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रं हा खारा संकेत वेगळा काढून वजा करतात. मायनलॅबच्या 'इक्विनॉक्स' मालिकेतली यंत्रं याच कामासाठी नावाजली गेली. त्यांच्यासोबत अकरा इंची गोल डबल-डी येते, आणि सहा इंची व पंधरा बाय बारा इंची अशा दोन कॉइल वेगळ्या घेता येतात. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर १७१५ सालच्या वादळात स्पॅनिश जहाजांचा ताफा बुडाला. तिथली नाणी आजही वादळानंतर वाळूत सापडतात. तिथली किनाऱ्यावरची माणसं कोरड्या वाळूत मोठी कॉइल फिरवतात, कारण तिथे जागा अफाट आणि कचरा विरळ असतो. लाटांच्या पाण्यात मात्र तीच मोठी, भरीव चकती पाण्याचा रेटा घेते आणि मनगट बाद करते. तिथे मधून पोकळ असलेली मध्यम कॉइल सोयीची. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आणि खारं पाणी दोन्ही एकत्र भेटतात. यंत्राची याहून कठीण परीक्षा क्वचितच होत असेल.

वजनाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. कॉइल हाताच्या आणि दांड्याच्या अगदी टोकाला असते, त्यामुळे तिथले दोनशे ग्रॅम खांद्याला कितीतरी जास्त जाणवतात. तासाभरानंतर थकलेला हात चकती झोक्याच्या दोन्ही टोकांना वर उचलू लागतो आणि वर सांगितलेले चाळीस टक्के तिथेच जातात. मोठी कॉइल विकत घेण्याआधी ती लावून निदान अर्धा तास फिरवून पाहावी. दुकानदाराने परवानगी दिली नाही तर दुसरं दुकान पाहावं.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी. कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळून बांधावी. ती लोंबत राहिली तर यंत्र दर झोक्याला उगाच वाजतं. खालचं प्लास्टिकचं आवरण अधूनमधून काढून धुवावं. आत अडकलेली काळी वाळू कॉइलच्या पोटाला चिकटून बसली की मातीचा स्वतःचा संकेत वगळण्यासाठी यंत्राने साधायचा जमिनीचा तोल कधीच नीट लागत नाही. 'वॉटरप्रूफ' शब्द वाचताना तो कॉइलपुरता आहे की डबीलाही लागू आहे ते पाहावं, कारण कित्येक यंत्रांत फक्त कॉइलच पाण्यात चालते. आणि नाणं उभं, कडेवर गाडलेलं असेल तर चकतीच्या मध्याखाली ते जवळजवळ गप्प राहतं, कडेखाली जास्त बोलतं. तुटक, एकाच दिशेने येणारा संकेत मिळाला तर दिशा बदलून पुन्हा फिरवून पाहायला हरकत नाही.

दुसऱ्या कंपनीची कॉइल आपल्या यंत्राला बसेल का? बहुधा नाही. प्लग सारखा दिसला तरी आतल्या गुंडाळ्या त्या त्या यंत्राच्या वारंवारतेला आणि वेळेला जुळवलेल्या असतात. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीच्या 'डेयस' मध्ये तर पाठवणारं इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी कॉइलमध्येच असते आणि ती बिनतारी बोलते. तिथे परक्या कॉइलचा प्रश्नच उद्भवत नाही. काही नव्या यंत्रांत कॉइलमध्ये ओळख पटवणारी चिप असते. त्याच यंत्रासाठी बनवलेल्या त्रयस्थ कंपन्यांच्या कॉइल मात्र मिळतात, आणि त्यातल्या काही मूळ कॉइलपेक्षा चांगल्या असतात.

तेव्हा माझा सल्ला असा. यंत्रासोबत आलेली नऊ ते अकरा इंची कॉइल बदलायची घाई करू नका. तिच्यावर निदान एक हंगाम काढा. दुसरी घ्यायचीच झाली तर पाच-सहा इंची लहान घ्या, कारण कचऱ्याच्या जागा जगभर भरपूर आहेत आणि तिथेच लहान कॉइलचा उपयोग होतो. पंधरा इंची राक्षसी चकती शेवटी घ्या, तीही तुमच्यापाशी मोकळं, स्वच्छ, सपाट रान असेल तरच.

आणि कॉइल कोणतीही असो, कुठे फिरवता ते आधी तपासा. इंग्लंडमध्ये शेतमालकाची परवानगी लागते आणि संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे संरक्षित पुरातत्त्वीय जागी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. किल्ल्यावर डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचार मनातूनही काढून टाका. बाकी जमिनीत काही सापडलंच तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा गाडलेला ऐवज सापडला तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं त्या कायद्याने शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे.